ठिगळी दाराशीच उभी आहे

४ मार्च

चि. टिटवीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र मिळालं. बातमी चिमूटभर आणि प्रश्न पोतंभर, तेव्हा पत्र तुझंच आहे याची खात्री पटली. इकडे आम्ही खुशाल आहोत. आम्ही म्हणजे मी आणि माझं शिलाई मशीन, दोघंही अधूनमधून कुरकुरतो पण चालतो.

सोबत नववं प्रकरण पाठवते आहे. आपली ठिगळी डोंगर चढून एकदाची गप्पगाराच्या दारापर्यंत पोचली. वर्गात वाचून दाखवशील तेव्हा आधीचं थोडं सांग, कारण तुमच्यातले निम्मे जण मागच्या वेळी गोवर येऊन घरी होते म्हणालीस. गप्पगार हा गोष्टी खाणारा राक्षस. त्याने गावातल्या झाडून सगळ्या गोष्टी गिळल्या, त्यामुळे गावातल्या आज्यांना काही आठवेना आणि पोरांना झोप येईना. आत जाऊन त्याला कधीच न ऐकलेली गोष्ट सांगितली तर गावाच्या गोष्टी सुटतील. पण ती ऐकताना त्याला जांभई आली, तर सांगणाऱ्याचा आवाजही गट्टम. आणि या कामगिरीवर निघाली कोण, तर कपड्यांना ठिगळं लावणारी पोरगी, जिला चार माणसांत स्वतःचं नाव सांगताना घाम फुटतो. आता पुढे काय होतं ते बघू.

दुकानाची बातमी ऐक. इथले डोळ्यांचे डॉक्टर उसवलेली बाही घेऊन माझ्याकडे आले. मी झोकात शिवून दिली. त्यांनी दुकानातच कोट चढवला आणि हात आतच राहिला, कारण मी बाहीचं तोंडच शिवून टाकलं होतं. भला माणूस. हात तसाच अडकलेला असताना म्हणाले, की बाई, टाके फार सुबक आहेत, पण आता तुम्ही माझ्याकडे या. मी गेले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, त्यातला उजवा अगदी पिकलेला. तशी फार अडचण नाही. शेजारचे पाववाले रोज सकाळी मला सुया ओवून देतात आणि बाकीचं काम बोटांना पाठ आहे.

तुझ्या बाबाने फोनवर डोकं उठवलं, तेव्हा मी त्याला शब्द दिला, की पुस्तक लिहून संपलं की लगेच उजव्या डोळ्याचं ऑपरेशन करून घेईन. दिला शब्द मी पाळते. आता फक्त पुस्तक संपायला हवं.

अभ्यास कर, आईला छळू नकोस, आणि माझ्यावरचा लोभ वाढता ठेव. प्रश्न मात्र आहेत तेवढे पुरे.

तुझी
आत्या

१९ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

दहावं आणि अकरावं अशी दोन्ही प्रकरणं मिळाली. मी तुझ्यावर रागावले आहे. आई म्हणते मोठ्यांना असं लिहू नये, म्हणून नमस्कार वर आधीच घालून घेतला.

आत्या, ठिगळी दाराशी आली. तिने कडीला हात घातला. आमचा अख्खा वर्ग श्वास रोखून बसला होता, चष्मेवालीने तर डबा उघडून तसाच धरला होता. आणि मग ठिगळीला आठवलं, की आपण घरची चूल विझवली का नाही! ती अख्खा डोंगर उतरून घरी गेली. चूल विझलेलीच होती. मग ती अख्खा डोंगर परत चढली. हे झालं दहावं प्रकरण. अकराव्यात तिच्या बुटाची नाडी सुटली. नाडीच्या गाठींचे सगळे प्रकार तू लिहिले आहेस. पहिल्या बाकावरचा ढोल्या म्हणाला, की मी गप्पगार असतो तर इतक्यात झोपून उठलो असतो. मी त्याला ढकललं, पण आत्या, त्याचं खरं होतं.

आमच्या बाई मधल्या सुट्टीत वह्या तपासायचं नाटक करत मागे बसतात आणि ऐकतात. त्यांनीसुद्धा विचारलं, की तुझी आत्या त्या मुलीला आत कधी जाऊ देणार आहे.

मला एक कळत नाही. ठिगळी आधी नदीतून गेली, वटवाघळांच्या बोगद्यातून गेली, तेव्हा तिला नाड्याबिड्या काही आठवलं नाही. आता दाराशीच तिला काय झालं? बाराव्या प्रकरणात ती आत गेली पाहिजे. नाहीतर मी वर्गाला तोंड कसं दाखवू?

बाबा म्हणतो तू मुद्दाम करते आहेस. मी त्याच्याशी भांडले. तू असं करणार नाहीस.

लोभ आहेच, पण या आठवड्यात थोडा कमी आहे.

तुझी
टिटवी

२७ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

अडकलेल्या लिफ्टमधून माणसं बाहेर काढणं हा माझा रोजचा धंदा. त्यामुळे दारात उभं राहून ना आत ना बाहेर करणारी गिऱ्हाइकं मी ओळखतो. दार असं धरून ठेवलं की लिफ्ट ओरडायला लागते. मीही आता तेच करतो आहे.

ताई, शब्द देताना तू मला छान गुंडाळलंस. मला वाटलं, राहिलंय काय, एक राक्षस आणि एक पोरगी, पंधरा दिवसांत होईल. आता कळलं की पुस्तक तुझ्या हातात आहे आणि तू ते संपू देणार नाहीस. टिटवीला हे अजून उमगलेलं नाही. ती तुझी बाजू घेऊन माझ्याशी भांडते आणि खरं कारण मला तिला सांगवत नाही.

तुझ्या पाववाल्यांचा फोन आला होता. बिचारे चहाड्या करणारे नव्हेत, निम्मा वेळ पावाच्या भट्टीबद्दलच बोलले. मग हळूच म्हणाले, की परवा तू कापडवाल्याच्या दारातल्या पुतळ्याला बायकोची तब्येत विचारलीस. हे ऐकून मी हसलो. पण पुढे ते म्हणाले, की हल्ली तू रस्ता कानांनी ओलांडतेस. गाडीचा आवाज आला नाही की पाऊल टाकतेस. आवाज न करणाऱ्या गाड्या हल्ली पुष्कळ निघाल्यात, ताई.

मग मी डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू आता टणक होत चालला आहे. येत्या दोन महिन्यांत केलं तर साधं काम, त्यानंतर त्यांना खात्री देता येणार नाही. डोळाच जाऊ शकतो. डाव्यावर तू कितीशी निभावणार?

मला रागावायचं असेल तर रागाव, पण त्या पोरीला आत पाठव.

तुझी भावजय आठवण काढते. मायेचा हात डोक्यावर असू दे, आणि तो हात कुणाचं डोकं आहे हे बघून ठेवता येऊ दे, एवढीच विनंती.

तुझा
भाऊ

३ एप्रिल

चि. भाऊस,
अ. उ. आ.

मला उपदेश करणारा हा तोच ना, जो दात काढायचा म्हटल्यावर कपाटात जाऊन बसला होता आणि ज्याला आईने लाडवाची लालूच दाखवून बाहेर काढलं? तेव्हा कपाटाचं दार बाहेरून मीच धरून ठेवलं होतं, आई येऊ नये म्हणून. त्याचे काही उपकार आहेत की नाही?

तो पुतळा मात्र कापडवाल्याच्या भावासारखा हुबेहूब दिसतो. तू येऊन बघ.

बरं, आता खरं लिहिते. मला भीती वाटते, भाऊ. फार वाटते. डॉक्टर म्हणाले, बाई, झोपवायचं नाही, जागंच राहायचं, डोळा उघडा ठेवायचा आणि हलायचं नाही. ते हसत हसत म्हणाले आणि मला तिथेच दरदरून घाम सुटला. जन्मभर मी सुई धरली, पण सुईच्या टोकाच्या बाजूला कधी राहिले नाही. हात चुकला तर कापड उसवता येतं. डोळा कसा उसवणार? आणि बिघडलंच, तर दुकान गेलं, लिहिणं गेलं, मग मी सकाळी उठून करू काय?

ठिगळीला मी मुद्दाम थांबवते असं तुला वाटतं. सुरुवातीला थोडं मुद्दामच होतं, कबूल. पण आता मी रोज तिला आत ढकलायला बसते आणि मला जमतच नाही. कडीपर्यंत हात जातो आणि ती नाडी बांधायला खाली वाकते. भित्र्या बाईने धाडसाची गोष्ट लिहायला घेतली, हीच मुळात चूक झाली.

टिटवीला यातलं काही सांगू नकोस. तिला वाटतं आत्या वाघीण आहे. राहू दे तसंच.

मी पुन्हा प्रयत्न करते. माया आहेच, ती रागाच्या खाली सापडेल.

तुझी
ताई

१५ एप्रिल

चि. टिटवीस,
अ. उ. आ.

घे. बारावं प्रकरण, आणि शेवटचं. ठिगळी आत गेली!

हे पत्र पाववाल्यांच्या गल्ल्यावर उभी राहून त्यांच्या पेनाने लिहिते आहे, कारण माझं पेन घरी राहिलं आणि पाकीट आजच्या टपालात पडायलाच हवं होतं. उद्यापर्यंत घरात राहिलं, तर मी ते फाडून टाकीन अशी मला स्वतःचीच धास्ती वाटते. काल दुपारी दुकान बंद करून बसले आणि एका दमात लिहून काढलं. मध्ये चहालाही उठले नाही. पुन्हा वाचूनही पाहिलं नाही, कारण हल्ली मला माझं अक्षर दुधात बुडाल्यासारखं दिसतं आणि तेच तेच पाहून डोकं चढतं.

चांगलं झालं असावं असं वाटतं. असं मला या पुस्तकात पहिल्यांदाच वाटलं आहे. वर्गात नीट, सावकाश वाच, आणि ढोल्याला पहिल्या बाकावरच बसव.

बाबाला सांग की मी शब्दाची पक्की आहे. हे पाकीट तुला पोचलं की डॉक्टरांकडे तारीख घ्यायला जाईन.

लोभाची मागची थकबाकी आता भरून टाक.

तुझी
आत्या

२२ एप्रिल

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

आत्या, आधी बसून घे. पाववाले काका, हे तुम्ही वाचून दाखवत असाल तर तिला आधी खुर्ची द्या.

पाकिटातले सगळे कागद कोरे आहेत.

तुझं पेन संपलेलं असणार. मला आधी वाटलं ही तुझी काहीतरी जादू आहे, म्हणून मी कागद दिव्याजवळ धरले, लिंबू चोळलं, एका कोपऱ्यावर पेन्सिलही घासून पाहिली. तू इतकं हलक्या हाताने लिहितेस की कागदावर वळसुद्धा उठलेला नाही. मग बाबा कामावरून आला. त्याने एकेक कागद उलटापालटा करून पाहिला आणि मोजे न काढता तसाच जमिनीवर बसला. ते पाहिल्यावर मला सगळं समजलं. तुला पेन संपलेलं दिसलंच नाही ना? मी तुझ्यावर नाड्यांवरून रागावले, आणि तुला मी केलेला रागही नीट वाचता येत नव्हता. मी फार रडले. आता थांबले आहे.

पण खरी गंमत पुढे आहे. पाकीट आलं त्या सकाळी मी घाईत फक्त तुझं पत्र वाचलं आणि वर्गात जाहीर करून बसले, की उद्या शेवटचं प्रकरण वाचणार. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत सगळे डबे घेऊन गोळा झाले. बाईंनी वह्या उघडल्यासुद्धा नाहीत. कागद कोरे आहेत असं सांगितलं असतं, तर ढोल्या म्हणाला असता की तुझ्या आत्याला येतच नाही. म्हणून मी कोरे कागद समोर धरले आणि वाचायला लागले. आत्या, मला काहीच माहीत नव्हतं पुढे काय आहे ते! कागद माझ्या हातात नुसते फडफडत होते. चष्मेवालीला वाटलं मी वाऱ्याचा आवाज काढते आहे.

ठिगळी आत गेली. आत अंधार होता. गप्पगार म्हणाला, सांग तुझ्या शूर राजाची गोष्ट, पण मी ती ऐकलेली असणार. कारण येणारा प्रत्येक जण शूर राजांच्याच गोष्टी सांगायचा. ठिगळीला एकही राजा आठवेना. तेव्हा ती खरं तेच बोलली. म्हणाली, मला खूप भीती वाटते. गप्पगार जांभई द्यायला आ करत होता, तो तसाच राहिला. भित्र्या माणसाची गोष्ट त्याला कुणी कधी सांगितलीच नव्हती. मग तिने त्याला एका बाईची गोष्ट सांगितली, जिने डॉक्टरच्या कोटाची बाही शिवून टाकली आणि डॉक्टरचा हात आतच राहिला. गप्पगार हसला. एवढा हसला की त्याला उचकी लागली, आणि प्रत्येक उचकीला एकेक गोष्ट बाहेर पडून आपापली आजी शोधत डोंगर उतरायला लागली.

वर्ग हसून लोळला. ढोल्याने विचारलं हे सगळं त्या कागदांवर आहे का, तर बाईंनीच सांगितलं हो, मला इथून दिसतंय.

मग घरी येऊन मी ते सगळं खरोखर लिहून काढलं, तुझ्याच कोऱ्या कागदांवर. सोबत पाठवते आहे. काकांकडून वाचून घे. नंतर हवं तर बदल, पण पुस्तक संपलं आहे, आणि तू शब्द दिला आहेस. तुला भीती वाटत असेल तर वाटू दे. ठिगळीलाही वाटत होती.

लोभ पूर्ण आहे, थकबाकी काही नाही.

तुझी
टिटवी

२९ एप्रिल

चि. टिटवीस,
अ. उ. आ.

हे पत्र पाववाले लिहून घेत आहेत. आजपासून पेनावर माझा विश्वास नाही.

तुझं पत्र ऐकताना आधी मला शरमेने मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग प्रकरण ऐकलं आणि हसू आवरेना. रोज सकाळी सुया ओवून झाल्या की आम्ही ते वाचतो. आता मला पाठ झालं आहे. मी कोऱ्या कागदावर काय लिहिलं होतं ते मलाही नीट आठवत नाही, आणि आठवायची गरजही उरलेली नाही. तुझी ठिगळी माझ्या ठिगळीपेक्षा खरी आहे. विशेषतः तो दाराबाहेरचा पाववाला तू मस्त घातलास. ठिगळीला गरम पाव देतो आणि ती बाहेर येईपर्यंत दाराशी बसून राहतो, तो. मला सुचला नसता.

१२ मेची तारीख घेतली आहे. काल दोनदा रद्द करायला निघाले होते आणि दोनदा परत आले. लोभ असू दे, आणि त्या दिवशी जरा जास्त असू दे.

तुझी
आत्या

२० मे

चि. टिटवीस,
अ. उ. आ.

हे पत्र मी लिहिते आहे. माझ्या हाताने, नव्या पेनाने, आणि शाई निळी आहे हे मला दिसतं आहे.

ऑपरेशनच्या दिवशी तुझा बाबा सकाळीच आला. त्याने मला तिसऱ्या मजल्यावर नेताना तिथल्या लिफ्टला नावं ठेवली आणि माझा हात इतका घट्ट धरला की शेवटी मीच त्याला घाबरू नकोस म्हणाले. डॉक्टरांनी तोच कोट घातला होता. आत मला आडवं केलं, बोलायचं नाही, हलायचं नाही अशी तंबी दिली, आणि माझे पाय टेबलावर आडवे असूनसुद्धा पळायला लागले. मग मी मनातल्या मनात तुझं प्रकरण सुरू केलं. ठिगळी आत गेली. आत अंधार होता. मी डॉक्टरांच्या दिव्यालाच सांगितलं, की मला खूप भीती वाटते. उचक्यांच्या जागी आले तेव्हा हसू फुटायच्या बेतात होतं, आणि इतक्यात डॉक्टर म्हणाले, झालं.

बाहेर आले तर तुझ्या बाबाशेजारी बाकावर पाववाले बसलेले. भर सकाळी दुकान बंद करून, हातात कागदात गुंडाळलेला पाव घेऊन. मी त्यांना म्हटलं, की तुम्ही टिटवीची गोष्ट फारच मनावर घेतलीत. ते नुसते हसले आणि म्हणाले, पाव गार होतोय.

पट्टी निघाली, थेंबांचे दिवस चालू आहेत. काल डॉक्टरांनी थोडं वाचायची परवानगी दिली. पहिलं काय वाचलं असेन? तुझं प्रकरण. तुझं अक्षर मी किती दिवसांनी पाहिलं, गं! वेलांट्या अजून शेपट्यांसारख्या काढतेस. सावकाश, चवीचवीने पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. मग पुन्हा वाचलं. मग कागद उलटून मागे बघितलं.

टिटवे, तुझ्या प्रकरणात पाववाला नाहीच.

मी तशीच उठून शेजारी गेले. ते भट्टीपाशी होते. विचारलं, तर कानापर्यंत लाल झाले आणि पिठाचे हात लपवायला जागा शोधायला लागले. म्हणाले, पहिल्या दिवशी वाचताना त्यांना वाटलं, एवढी लहान पोर एकटी आत जाते, तर बाहेर कुणीतरी थांबायला हवं. म्हणून एक ओळ आपल्या पदरची घातली. दुसऱ्या दिवशी ती ओळ गाळायला जीभ वळेना. आणि एकदा तोंडाने म्हटलं की मी थांबलो, मग ऑपरेशनच्या दिवशी दुकान उघडून कसं बसणार, असं त्यांनीच मला विचारलं. मी त्यांच्या दुकानात उभी राहून ढसाढसा रडले, आणि नव्या डोळ्याला पाणी चालत नाही म्हणून तेच माझ्यावर ओरडले.

आता छापायला जायच्या आधी तुझी परवानगी हवी आहे, कारण ते प्रकरण तुझं आहे. पाववाल्याला आत घेऊ या का? चांगला माणूस आहे आणि पानात फार जागा अडवत नाही.

डाव्या डोळ्याची तारीख मी आज सकाळी जाऊन घेऊन आले. या खेपेला कुठलंही पुस्तक मध्ये घातलेलं नाही. घरातून निघताना भीती होतीच, आणि पाववाले दुकानाच्या दारात उभे होते. मी त्यांना म्हटलं, चला.

तुझ्या बाबाला हे पत्र दाखवू नकोस, तो चिडवून जीव खाईल. लोभ आहे तसाच राहू दे, आता मला तो दुरूनही दिसतो.

तुझी
आत्या